चार का, दोन का नाही

हल शहरात, बेव्हर्ली रोडवर,
गालिच्यांच्या दुकानावरची एक खोली.
नर्स लिंडसी, विश्राम तांडेल, आणि मध्ये
तासाच्या हिशेबानं बोलणारी मी.

तांडेलांना इंग्रजी येतं. चाळीस वर्षं बोटीवर आणि गोदीत
त्याच भाषेत शिव्या खाल्ल्या, दिल्या.
पण फॉर्मवर त्यांनी लिहिलं होतं: मराठी हवं.
"हे तिकडच्या भाषेत सांगायला गेलो," ते म्हणाले,
"तर दुसऱ्याच कुणाचं वाटतं."

नियम असा की 'ते म्हणतात' म्हणायचं नाही.
ते 'मी' म्हणाले की मीही 'मी'च.
मराठीत क्रियापदानं तरी आमची फारकत केली असती,
पितो आणि पिते, एका कान्याचं अंतर.
इंग्रजीत तेवढाही आडोसा नाही.
आय ड्रिंक, मी म्हणाले, एव्हरी नाइट,
आणि लिंडसीनं मान डोलावली, तांडेलांकडे बघून.

आठवड्याला किती युनिट?
"म्हणजे विजेच्या मीटरचे?"
हसलो तिघंही. मग मोजले.
कागदाच्या कडेला मी माझेही मोजत गेले,
पेन न टेकवता.

मग तिनं टेबलावर एक पट्टी ठेवली, प्लास्टिकात मढवलेली,
शून्य ते दहा.
बदलायला किती तयार आहात?

तयार. हा शब्द मी क्षणभर तोंडातच धरला.
आपल्यात गळा तयार होतो, अढीतलं फळ तयार होतं,
डबा तयार असतो सकाळी सातला.
माणूस आतून झाला की नाही
हे दाबून बघायची रीत नाही.

तांडेल पट्टीकडे बघत राहिले.
"बोटीच्या कुशीवर असेच आकडे रंगवलेले असतात.
माल किती चढला ते पाण्यालाच विचारायचं.
रिकामी असली की सगळे उघडे,
भरत गेली की एकेक बुडतो.
मधला वाचायचा तर लाट थांबावी लागते."
हे सगळं मी इंग्रजीत नेलं. लाट सांडली थोडी.

"चार," ते म्हणाले.

मला वाटलं, आता ती विचारणार, दहा का नाही.
ते वाक्य माझ्याकडे तयारच होतं,
आईच्या आवाजात:
अहो, पोरांकडे तरी बघा.
लिंडसीनं विचारलं, चार का? दोन का नाही?

खाली कुणी गालिचा उलगडला. धप्प.

"रिकाम्या बाटल्या," तांडेल म्हणाले,
"मी दोन बस बदलून टाकायला जायचो, सुपरमार्केटच्या मागे.
टॉवेलात गुंडाळून, निजलेलं मूल न्यावं तशा.
भिंतीपलीकडच्या मिसेस ओल्डरॉयडना
ऐकू जाऊ नये म्हणून.
परवा माझ्याच निळ्या डब्यात टाकल्या.
आवाज झाला.
होऊ दिला."

लिंडसीनं लिहून घेतलं नाही. नुसती बसून राहिली.
मग, पाच व्हायला काय व्हावं लागेल?
"त्या बाईनं दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा हात केला," ते म्हणाले.
"मला राग आला तिचा. का कोण जाणे."
हे उत्तर नव्हतं. मी तसंच दिलं.

माझ्या पावतीवर सही झाली, एक तास दहा मिनिटं.
तांडेल जिन्यात म्हणाले, "बाई, तुम्ही बरं बोललात माझं."

घरी, सिंकखाली, ब्लीचच्या मागे,
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन.
उद्या निळ्या डब्याची गाडी येते.
कागद सोडवला. पुन्हा गुंडाळला.
मग एक, एकच, उघडी घेतली
आणि मागच्या दारापर्यंत गेले.

पिते, मी म्हणाले, मराठीत. कान्याशिवाय.
फार मोठ्यानं नाही.
कुंपणावरच्या मांजरानं वर बघितलं.